राखणदाराचा अर्धा गिलास

माझ्या निरोपसमारंभात शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणं झाली, समोसे झाले. मग नव्याने लागलेल्या पोरींपैकी एकीने विचारलं, "मॅडम, एवढ्या वर्षांत काही राहून गेलं असं वाटते का?" मी "छे" म्हटलं. नर्सच्या नोकरीत चेहरा न हलवता खोटं बोलायची सवय होते. सुई हातात धरून "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल" असं आम्ही जन्मभर म्हणत आलेलो असतो.

राहून गेलं होतं. अर्धा गिलास ठंडाई राहून गेली होती. त्याहीपेक्षा, ती पिताना माझ्या शेजारी बसून राहायचं ज्यांनी कबूल केलं होतं ते बिसेनकाका राहून गेले होते.

मी मूळची दवनीवाड्याची. आमच्या घरी रोज वंदना व्हायची आणि पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी, म्हणजे नशापाण्यापासून दूर राहण्याच्या शीलाशी आलो की आईचा आवाज हमखास चढायचा. अशा घरातल्या मुलीच्या नशिबी भांगेचे पेशंट यावेत हा योगच म्हणायचा. १९९९ साली माझी गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला नेमणूक झाली. कॅज्युअल्टी म्हणजे दवाखान्याचा उंबरठा. साप चावलेला, विहिरीतून काढलेला, रेल्वेतून पडलेला, सगळे आधी आमच्याकडे. आणि धुळवडीच्या दुपारी भांग चढलेले.

पहिल्याच धुळवडीला एका राइस मिलमध्ये पोती तोलणारा काटेवाला आणला. अंगभर हिरवा रंग, डोळे लाल, छातीची धडधड नाडीला हात न लावताही दिसत होती. मी पट्टा बांधून बीपी बघायला लागले तर त्याने माझा हात धरला आणि अगदी हळू, गुपित सांगावं तसं म्हणाला, "बाई, मी मेलो हाव. पोट्टे लहान हायेत, त्यायले आताच नका सांगू."

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण त्या माणसाला ते खरंच वाटत होतं. त्याच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ आले होते. पांढरं धोतर, त्यावर रंगाचा एक थेंब नाही. ते पलंगाच्या पायथ्याशी बसले, काटेवाल्याच्या पायांचे दोन्ही अंगठे मुठीत धरले आणि म्हणाले, "मेला अशीन तं मंग बोलून कायले राहिला? चूप पड. मी बसलो हाव." काटेवाला चूप पडला. नाडी खाली यायला वेळ लागला, पण त्याची भीती तिथेच निम्मी झाली.

डॉक्टरसाहेबांनी तपासलं, शिरेतून सलाईन लावलं, आणि त्या म्हाताऱ्यांकडे पाहून मला म्हणाले, "सिस्टर, यांना हलवू नका. माझ्या औषधाइतकंच हे पण औषध आहे." ते बिसेनकाका.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकांचं लस्सीचं दुकान होतं. तीन पायऱ्या, वर ओटा, ओट्यावर निंबाची सावली. घर शेतीवाल्या पोवारांचं, पण भावांनी शेती सांभाळली आणि हे गोंदियाला येऊन ताक घुसळत बसले. एरवी लस्सी, शिवरात्री आणि धुळवडीला ठंडाई. भांग ते विकत नसत. तिला परवाना लागतो. मोहल्ल्यातली मंडळी परवान्याच्या दुकानातून घेऊन यायची आणि काका ती धुऊन, पाट्यावर घोटून, बदाम-बडीशेप-मिरीच्या दुधात मिसळून द्यायचे. त्या दिवशीचा काटेवाला त्यांच्या ओट्यावरचा नव्हता. मिलमधल्याच कुणी घोटलेली भांग पिऊन तो रस्त्यात बसला होता आणि काकांनी त्याला रिक्षात घालून आणलं होतं.

मी त्यांना विचारलं, "काका, याने एवढी घेतलीच कशाला?"

"एवढी कुठं घेतली बाई? पहिला गिलास घेतला, चढली नाई म्हणून दुसरा घेतला. मंग दोन्ही संगंच चढले."

या एका वाक्यात भांगेचं सगळं शास्त्र आहे, आणि पुढच्या वर्षांत मी ते शेकडो नातेवाइकांना समजावून सांगितलं. धूर ओढला तर लगेच कळतं, माणूस आपोआप थांबतो. पोटातून गेलेली भांग मात्र सावकाश येते. तास जातो, दीड जातो, जेवण भरपेट असेल तर दोनही जातात. तेवढ्यात माणसाला वाटतं की माल हलका आहे. तो दुसरा गिलास मारतो, वर भजी खातो, एखादा शहाणा दारूही जोडतो. मग जे येतं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरत नाही. काका म्हणायचे, "तांदूळ चुलीवर ठेवला का लगेच भात होते का? मंग काऊन झाकण उघडून पाहून राहिला?"

लोक मला अजूनही विचारतात, सिस्टर, किती घेतली तर चालते? मी सांगते, तुम्ही न घेतल्याने जगात काहीही अडत नाही. घ्यायचीच असेल तर आकडा मला विचारू नका. एका पानाचा जोर दुसऱ्या पानात नसतो, एकाच्या मुठीतली गोळी दुसऱ्याच्या मुठीत दुप्पट होते. थोडी घ्या आणि थांबा. गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. हृदयाचं दुखणं असेल, डोक्याचा आजार असेल, पोटात मूल असेल तर वासही घेऊ नका. आणि चढलेल्या माणसाची शुद्ध जात असेल तर त्याच्या तोंडात चिंचेचं पाणी ओतू नका. ते पोटात न जाता फुप्फुसात जातं. त्याला कुशीवर वळवा आणि आमच्याकडे आणा.

काकांच्या ओट्यावर मात्र नियम होते आणि ते घड्याळाने चालत नसत. पहिला गिलास दिल्यावर निंबाची सावली पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर उतरेपर्यंत दुसरा मिळायचा नाही. कोणी कितीही मोठा असो. एकदा एक बडे व्यापारी हट्टाला पेटले तर काकांनी त्यांना म्हटलं, "शेठजी, मले नका सांगू, सूर्याले सांगा." सावली उतरेपर्यंत बहुतेकांना दुसऱ्या गिलासाची आठवणच राहायची नाही.

दुसरा नियम राखणदाराचा. आमच्याकडे धान पोसायला लागलं की रानडुकरांसाठी राखण बसते, तसा ठंडाई पिणाऱ्या प्रत्येक टोळक्याने आपल्यातला एकजण आधी नेमायचा. तो पिणार नाही. तो इतरांच्या किल्ल्या ठेवणार, पाणी देणार, भिणाऱ्याजवळ बसणार. राखणदार कोण ते सांगितल्याशिवाय काका गिलासाला हात लावत नसत. पण त्याच्यावर अन्याय नको म्हणून त्याचा अर्धा गिलास ते सर्वांत पहिल्यांदा काढायचे आणि ताटली झाकून फळीवर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांची उतरली की तो प्यायचा आणि त्याच्या राखणीला दुसरा कोणी बसायचा.

पहिल्यांदा का काढायचा, ते मला रूपचंदमुळे कळलं. रूपचंद आमच्याच दवनीवाड्याचा, ट्रॅक्टर चालवायचा. एका वर्षी गावातल्या पोरांनी काकांचं बघून राखणदार नेमायची पद्धत उचलली, पण अर्धीच. ट्रॉली रूपचंदला चालवायची होती म्हणून राखणदार तो. दिवसभर बिचारा कोरडा बसला. संध्याकाळ व्हायला आली तशी पोरांना दया आली आणि त्यांनी भांड्यात उरलेला शेवटचा गिलास त्याला दिला. एकच तर गिलास. तासभर त्याला काही झालं नाही. त्याने ट्रॅक्टर सुरू केला, ट्रॉलीत पोरं बसली, आणि अर्ध्या रस्त्यात त्याला समोरचा कालवा हाच रस्ता दिसायला लागला.

कालव्यात पाणी नव्हतं म्हणून निभावलं. रूपचंदच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी खरचटण्यावर भागलं. मी पट्टी बांधत होते आणि तो सारखा म्हणत होता, "ताई, सगळ्यायन मस्त पेले, कोणाले काई नाई झालं. मीच एक गिलास पेलो, अन् मलेच काऊन?"

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली रवी खाली ठेवली. मग म्हणाले, "भांग खाली बसते बाई. भांडं ढवळत नाई रायलं तं वरच्याले पाणी, तळाच्याले जहर. ज्यानं सगळ्यायची राखण केली त्यालेच गाळ पाजला त्या पोट्ट्यायनं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लस्सीवाल्याच्या डोळ्यांत दुसऱ्याच्या चुकीपायी पाणी आलेलं मी पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. वडील मी नोकरीला लागण्याआधीच गेले होते. नवऱ्याची नोकरी फिरतीची, घरी दोन मुलं आणि त्यांच्या शाळा. ड्यूटी संपली की घरी जाण्याआधी पहिल्या पायरीवर जरा टेकायचं, काका काही न विचारता लस्सी पुढे करायचे. दिवसभरात तेवढीच जागा अशी होती की जिथे मला कोणाची नाडी बघायची नसे.

त्यानंतरची होळी जवळ आली तेव्हा गप्पांत काकांनी विचारलं, "बाई, तुहा राखणदाराचा गिलास कधी घेशीन? साऱ्या गोंदियाची राखण करून राहिली."

मी म्हटलं, "काका, आमचं पाचवं शील आहे."

"मले मालूम हाय. तुह्या गिलासात पत्ती नाई टाकत. नुसता बदाम, सोप, गुलाब. पण राखण मी पुरी करीन. तू डोळे मिटून बसजो, कोणी आवाज देल्ला तं उठायचं नाई. मी पाहीन."

धुळवडीला माझी ड्यूटी चुकत नसे आणि दुसऱ्या दिवशी कालचे पेशंट सोडायचे असत. म्हणून ठरलं, रिटायर झाल्यावर. तोवर काका दर धुळवडीला माझा अर्धा गिलास सर्वांत आधी काढायचे, झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी निंबाच्या मुळाशी ओतायचे. मी गेले की म्हणायचे, "तुहा हिस्सा निंब पिऊन राहिला. पाह्य, कसा मातला हाय."

एक गोष्ट सांगायला अजूनही जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. एका वर्षी एक आई आपल्या छोट्या मुलीला खांद्यावर टाकून आली. पोर झोपली होती आणि उठत नव्हती. ताप नाही, मार नाही, साप नाही. डॉक्टर विचारून थकले. घरचे सात-आठ जण बाहेर उभे, एकमेकांकडे बघणारे. मी त्या आईला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाई, आम्ही पोलीस नाही. घरात काही गोड केलं होतं का?" तेव्हा तिने रडत सांगितलं. जावयासाठी भांगेचे पेढे केले होते, उरलेले देवघराच्या फळीवर साध्या पेढ्यांच्याच डब्यात ठेवले होते. पोरीने प्रसाद समजून खाल्ले.

ते कळलं आणि उपचाराला दिशा मिळाली. श्वासावर नजर ठेवून आम्ही तिला सांभाळलं, नंतर नागपूरला पाठवलं. ती वाचली. घाबरून कोणीच बोललं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. लहान जिवाला मोठ्याचा घास म्हणजे डोंगर असतो, आणि पेढ्याच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं. काकांनी ऐकलं आणि त्या वर्षापासून गोळी किंवा पेढ्यासाठी कोणी भांग घोटायला आणली तर परत पाठवू लागले. "गिलास माह्या हातातून जाते. पेढा कोणाच्या हातातून कोणाच्या तोंडात जाईन, काय मालूम?"

मग गोंदिया वाढलं. रस्ता रुंद झाला त्यात निंब गेला आणि खालची पायरी गेली. काकांच्या मुलाने पाटा मागे टाकून मिक्सर आणला. तो वाईट पोरगा नव्हता. बापाचे गुडघे गेले होते आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. पण सावली नाही म्हटल्यावर दुसऱ्या गिलासाचा हिशेब कशावर ठेवायचा? काका ओट्यावर बसून मोकळ्या आभाळाकडे बघायचे. मी गेले की ओळखायचे, लस्सी द्यायचे. थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे, "बाई, कधी आली? लस्सी घेतली का?" मी "नाही" म्हणून दुसरी घ्यायचे. पोट भरून जायचं, पण त्यांना कसं सांगणार होते?

माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, तेव्हाची ती धुळवड. दुपारी रिक्षातून मुलाने काकांना उतरवलं. तेच पांढरं धोतर, पण आज त्यावर ठंडाई सांडलेली. मुलगा रडकुंडीला आला होता. "सिस्टर, बाबानं सकाळी एक गिलास घेतला. मंग इसरले. म्हणे मी घेतलाच नाई. कोणाकोणाकडून मांगून किती पेले, मलेच समजून नाई राहिलं."

जन्मभर ज्यांनी दुसरा गिलास अडवला त्यांना आपला पहिलाच आठवत नव्हता. मी नाडी धरली. बोटांखाली ती घसरत होती, मध्येच अडखळत होती. छातीला तारा लावल्या, डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि मुलाला नीट समजावलं की यांचं वय आहे, हृदय दमलेलं आहे, आजचा दिवस कठीण आहे. बाहेर आणखी पेशंट होते. मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या सिस्टरला म्हटलं, तू बघ, मी इथून उठणार नाही.

काका थरथरत होते. "कोणी हाय का? राखणीले कोण हाय?" असं विचारत होते. मी पायथ्याशी बसले आणि त्यांचे दोन्ही अंगठे मुठीत धरले. "मी आहे काका. मी बसले आहे." पाय गार होते. खिडकीतून उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडला होता आणि काकांची नजर त्यावर खिळली. ते त्याच्याकडे बघत राहिले, तो सरकत राहिला. हळूहळू नाडी हाताला लागायला लागली. डॉक्टर येऊन बघून गेले आणि मान हलवून गेले, ते चांगल्या अर्थाने होतं.

ऊन पलंगाच्या पायापाशी आलं तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पांढरा गणवेश बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ते दुकानात होते, दवाखान्यात नव्हते, हे मला समजलं.

"झाली का सुट्टी? आज रिटायर झाली ना वं बाई?"

मी "हो" म्हटलं. त्यांनी शेजारच्या स्टुलावरचा पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी उचलला. थोडं सांडलं. उरलं ते नेमकं अर्धं होतं. "हा घे. तुहा. पत्ती नाई टाकली. डोळे मिटून बस आता, मी हाव."

मी ते पाणी प्याले. पलंगाच्या दांडीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. बाहेर कोणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारत होतं. काकांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि दाराकडे बघून ते म्हणाले, "थांबा बाप्पा. तिले उठवू नका. सावली उतरू द्या."

दुसऱ्या दिवशी ते घरी गेले तेव्हा त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुहा गिलास राहिला ना?" मी म्हटलं, "राहिला काका. रिटायर झाले की." ते त्याच वर्षी थंडीत गेले.

म्हणून त्या पोरीने निरोपाच्या दिवशी विचारलं तेव्हा मी "छे" म्हटलं ते पुरतं खोटं नव्हतं. पण धुळवड आली की दुपारी मी दारातल्या पायरीवर बसते, अर्धा गिलास पाणी घेते आणि डोळे मिटून बघते. हाक मारणारं आता कोणी नसतं. तरी डोळे लगेच उघडतात, कारण राखणीला कोणी नाही.